पट्ट्यावर दाब नोंदला गेला आहे

दैनंदिन प्रश्नावली. दिवस १
प्रश्न ११. आणखी काही सांगायचे आहे का? (मोकळेपणाने लिहा. अक्षरमर्यादा नाही.)

नाही.

दिवस २
प्रश्न ११.

काल 'नाही' लिहिलं, तर आज सकाळी यंत्र काढा द्यायला तयार नव्हतं. 'किमान पन्नास शब्द आवश्यक' म्हणालं. मग अक्षरमर्यादा नाही असं लिहिता कशाला? असो. मोजा.

मी वैजयंती गणपती तोडकर. वय एकतीस. राहणार बोरजाईवाडी. वीज कंपनीत कंत्राटी वायरमन, सात वर्षं झाली. बाई असले तरी वायरमनच म्हणतात. गेल्या सोमवारी ट्रॉलीतून सिमेंटचा खांब उतरवताना तो घरंगळला आणि माझ्या डाव्या मांडीवर आला. हाड मोडलं नाही. सगळे म्हणाले, नशीब, नुसता मुका मार आहे.

सांगलीच्या डॉ. फरझाना मुल्ला तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्नायू चेंगरला की आत रक्त साकळतं. दुरुस्तीला ज्या पेशी धावून येतात त्यांचं अजून ठरलेलं नसतं, की आपण स्नायू व्हायचं, नुसता व्रण व्हायचं की हाड. बहुतेकांच्या अंगात ते बरोबर ठरतं. काहींच्या अंगात चुकतं, आणि महिन्याभरात मांडीच्या मऊ मांसात चक्क हाड उगवतं. मग गुडघा वळत नाही. गुडघा वळला नाही तर खांबावर चढता येत नाही. आणि आम्हा कंत्राटी लोकांना कायम करण्याआधीची चढाईची चाचणी आजपासून बेचाळीस दिवसांवर आहे. सात वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून मी तुमच्या प्रयोगात आले. चीनमध्ये मुक्या मारावर तीन टप्प्यांत काढे द्यायची जुनी पद्धत आहे म्हणे. आधी साकळलेलं रक्त हलवायचं, मग तुटलेलं जुळवायचं, मग ताकद भरायची. करडईच्या पाकळ्या, हिराबोळ, दालचिनी आणि सहा चिनी मुळ्या. टप्प्याप्रमाणे प्रमाण बदलतं. मॅडम म्हणाल्या, "काय द्यायचं ते जुनंच आहे. कधी द्यायचं, ते नवीन." जुने वैद्य जीभ बघून, नाडी बघून अंदाज करायचे. आता तो अंदाज माझ्या मांडीवरचा पट्टा करतो. दर दहा मिनिटांनी आत आवाजाची लहर सोडतो, परत येणारी ऐकतो, घाम तपासतो, आणि त्यावरून तुमचं यंत्र रोज सकाळी त्या दिवसाचा काढा उकळतं. आमची शेजारीण सोनाक्का त्याला चिनी चूल म्हणते.

अट एकच. पस्तीस दिवसांचा क्रम पुरा झाल्याशिवाय तंदुरुस्तीचा दाखला नाही, आणि त्यातले पहिले तीन आठवडे मांडीला हात लावायचा नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, लेप नाही, तेल नाही. चोळलं की आत नवं रक्त सुटतं. मग पट्ट्याचं घड्याळ पुन्हा एकपासून सुरू करावं लागतं.

आता तुम्हाला सांगते. माझे वडील मालिशवाले आहेत.

झाले का पन्नास?

*आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.*

दिवस ३
प्रश्न ११.

आप्पांनी बेचाळीस वर्षं तालमीतल्या पैलवानांची अंगं चोळली. अजूनही रोज चार-पाच माणसं येतात. मुरगळलेला घोटा, धरलेली मान, दुखावलेला खांदा. आप्पा आधी दोन बोटं फिरवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "गाठ हाय." मग गाठ फोडतात. माणूस ओरडतो, आप्पा म्हणतात, "झालं, झालं," आणि माणूस चालत घरी जातो.

आज दिवसभर ते माझ्या खाटेसमोर बसून होते.

"नुसतं बघू तरी दे की."

"आप्पा, पट्टा काढायचा नाही."

"काढ म्हणतोय कोण? वरनंच बघतो. दोन बोटं."

"एक बोट पण नाही."

"चिन्यांचा काढा चालतो, बापाचा हात चालत नाही व्हय?"

ते उठून गेले आणि गोठ्यातल्या म्हशीला अर्धा तास चोळून आले. म्हशीला काही झालेलं नव्हतं.

*आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.*

दिवस ५
प्रश्न ९ (आहार) मध्ये मी खरं लिहिलं. 'वांग्याची भाजी, भाकरी, करडईच्या तेलात.' यंत्राने लाल दिवा लावला: *काढ्यातील घटक आहारातून घेतल्याचे आढळले. अतिमात्रेचा धोका. काढा ४८ तास स्थगित.*

प्रश्न ११.

मदतवाहिनीवर केतकी नावाच्या मुलीशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुमच्याकडे कुणी वाचत असेल तर त्याला कळेल.

"मॅडम, आपण करडई घेतली आहे का?"

"तेल घेतलं. बियांचं तेल. काढ्यात फुलाच्या पाकळ्या असतात. रक्तावर काम करतं ते पाकळीतलं. तेलात त्यातलं काही नसतं. मुल्ला मॅडमनीच सांगितलंय मला."

"बरोबर आहे मॅडम. पण आपण करडई घेतली आहे ना?"

"आमच्याकडे सगळेच घेतात. चाळीस वर्षं."

"चाळीस वर्षं. ठीक आहे, मी तशी नोंद करते."

"नोंद करू नका!"

"केली मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

*आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. करडईचा कालावधी: ४० वर्षे. स्थगिती ७२ तासांपर्यंत वाढवली आहे.*

दिवस ८
प्रश्न ७. डावा पाय दिवसभरात १४ वेळा उचलला गेला. कारण निवडा: चालणे / शौचालय / व्यायाम / झोपेतील हालचाल.

यातलं एकही नाही.

प्रश्न ११.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आले. आमच्याकडे असं मानतात की कंबरेत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, उसण जाते. खरं-खोटं मला विचारू नका, मी आयटीआय केलेली बाई आहे. पण कळायला लागल्यापासून मी गावातल्या निम्म्या कंबरांना पाय लावलेला आहे. सरपंचाच्या सुद्धा. नाही म्हटलं की लोक रुसतात.

पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. मी वीज कंपनीत लागले तेव्हा आई जिवंत होती. तिने आठ दिवस जेवण सोडलं होतं.

खाटेवर पडलेली बाई कुठे पळून जात नाही, हे गावाला आता कळलंय. आज सोनाक्का आली, तिची जाऊ आली, खताच्या दुकानातला माणूस आला.

"सोनाक्का, माझा पायच तर चेंगरलाय."

"मग जरा सावकाश लाव."

"उजवा लावते."

"उजव्याचा काय उपेग? सुईण काय म्हणाली हुती? आधी डावा आला. माझ्यासमोर आला. मी हुते की तिथं."

लावला डावा. चौदा वेळा. प्रत्येकाला चार-पाचदा लागतो.

*प्रश्न ७ चे उत्तर उपलब्ध पर्यायांशी जुळत नाही. आपल्या उत्तरांची विश्वसनीयता: ४१ टक्के. ५० टक्क्यांच्या खाली गेलेल्या सहभागींना पुढील उत्तरे दुरुस्त करण्याची मुभा नसते. आभार.*

दिवस ९
प्रश्न ७: चालणे.
प्रश्न ९: डाळ-भात. तेल नाही.
प्रश्न ११: सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे. (हे पंचवीस वेळा लिहून चिकटवलं आहे. पन्नासाच्या वर शब्द होतात.)

*आभार. विश्वसनीयता: ४४ टक्के. प्रगती समाधानकारक.*

दिवस १० ते १३
वरीलप्रमाणे.

दिवस १४
प्रश्न ११.

आज खरं लिहिते, कारण बातमी चांगली आहे. गुडघा नव्वद अंशात वळला. मुल्ला मॅडमनी पडद्यावर माझ्या मांडीचं चित्र दाखवलं. काळा डाग आवळ्याएवढा होता, तो आता हरभऱ्याएवढा आहे. कडेने नवे तंतू धरू लागलेत. उद्यापासून दुसरा टप्पा. म्हणजे रक्त हलवणाऱ्या मुळ्या बंद, जुळवणाऱ्या सुरू. मॅडम म्हणाल्या, "आता खरी जपायची वेळ. या टप्प्यात आत ताजं रक्त असेल, तर याच मुळ्या पेशींना हाडाकडे ढकलतात. पट्ट्याला ताजं रक्त ओळखायला चार दिवस लागतात. तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं. म्हणून काही झालं की लगेच लिहायचं."

लिहीन म्हटलं. रोज लिहितेच आहे.

कनिष्ठ अभियंता माने यांचा फोन. "तोडकर, चाचणीला याल ना? तारांचं काम ड्रोन करतात आता. पण वरचा गंजलेला नट त्यांच्या बापाला सुटत नाही. नट सोडवणारी माणसं पाहिजेत मला."

येते म्हटलं.

*आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.*

दिवस १७
प्रश्न ४. दुपारी २.१० ते २.२९ पट्ट्यावर दाब नोंदला गेला आहे. कारण निवडा: झोपेत कूस बदलणे / घट्ट कपडे / पडणे / मालिश.

झोपेत कूस बदलणे.

प्रश्न ११: सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे. (पुढे वरीलप्रमाणे, पंचवीस वेळा.)

*आभार.*

दिवस १८, सकाळ
प्रश्न ११.

काल सगळं ठीक नव्हतं.

काढ्याने दुपारी गुंगी येते. मी झोपले होते. जाग आली ती तिळाच्या तेलाच्या वासाने. आप्पा पायाशी बसले होते. धोतराला हात पुसत होते.

"काय केलंत?"

"काय न्हाई. तू झोपेत कण्हत हुतीस."

"आप्पा, काय केलंत?"

"पट्टा काढला न्हाई गं. वरनं आन् कडंनं हलका हात फिरवला. गाठ हुती. हरभऱ्याएवढी. म्या बोटानं धरली." आणि हे ते हसून म्हणाले, परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखं. "फोडली बघ."

पडद्यावर तो डाग बघायला सांगलीच्या केंद्रात एक अख्खं यंत्र लागलं होतं. माझ्या बापाने तो दोन बोटांनी, बरोबर त्याच जागी, बरोबर तेवढाच शोधला. आणि फोडला.

मी ओरडले नाही. ओरडून काय होणार होतं? मी मोबाईल घेतला आणि 'झोपेत कूस बदलणे' निवडलं. सवयीने. तुम्हीच लावलेली सवय आहे ती. तेलाचं खरं लिहिलं तर तीन दिवस काढा बंद. पायाचं खरं लिहिलं तर विश्वसनीयता ४१. खोटं लिहिलं की प्रगती समाधानकारक. आणि मनात आकडेमोड झालेली होती. मालिश लिहिलं तर उद्याचा दिवस पहिला. पहिल्यापासून पस्तीस. चाचणी त्याच्या आधीच होऊन जाते.

आज सकाळी यंत्राने काढा गाळला. दुसऱ्या टप्प्याचा. तांबूस, जरा गोडसर वास. पेला समोर ठेवलाय. मांडी कालपेक्षा गरम आहे. आत काहीतरी ठणकतंय.

मी अजून प्यायलेले नाही.

दिवस १८, दुपार
प्रश्न ११.

दीपकला फोन केला. दीपक माझा मोठा भाऊ. कोल्हापूरला दूध संघात असतो. त्याचा डावा हात कोपरात कायमचा वाकलेला आहे, पूर्ण उघडत नाही. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता. आमच्या घरात या गोष्टीचं एकच रूप आहे: मिरजेच्या डॉक्टरने प्लास्टर घट्ट बांधलं आणि पोराचा हात घालवला. त्या हातामुळे दीपक सैन्यभरतीतून परत आला. आप्पा अजून त्या डॉक्टरला शिव्या देतात. तो वारला तरी.

मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "दादा, तुझं प्लास्टर निघाल्यावर आप्पांनी चोळलं होतं का रे?"

मागे दुधाच्या कॅनचे आवाज येत होते.

"प्लास्टरच्या आधी वैजू. तीन दिवस घरीच चोळत होते. आणि प्लास्टर त्यांनीच दहाव्या दिवशी कापलं. रोज सकाळ-संध्याकाळ गाठ फोडायचे. मी तोंडात टॉवेल धरायचो."

"तुला माहीत होतं?"

"भरतीच्या वेळी एक्स-रे काढला. तिथला डॉक्टर म्हणाला, हे मांसात उगवलेलं हाड आहे, कुणी चोळलं होतं का? मी म्हटलं नाही."

"का?"

"का म्हणजे? हात तर गेलाच होता. त्यांचं पण घालवू?"

मला त्याचाही राग आला. या घरात सगळे एकमेकांना जपतात आणि हाडं वाढत राहतात.

"तू लिहू नकोस," दीपक म्हणाला. "तुझं लिहिलंस की ते माझंही जोडतील. त्यांना जोडता येतं. बोटांना कळतं त्यांच्या."

"आणि माझी मांडी?"

"तुझी मांडी तुझी आहे," तो म्हणाला. "मी काय सांगू?" मग म्हणाला, "मला कुणी विचारलं असतं तर मी हात मागितला असता."

काढा मोरीत ओतला. प्रश्न ४ पुन्हा उघडला. मालिश निवडलं.

*आधी नोंदवलेले उत्तर बदलता येणार नाही. विश्वसनीयता: ४४ टक्के.*

मदतवाहिनी. केतकी.

"मॅडम, काल आपण कूस बदलली होती."

"नव्हती बदलली. खोटं लिहिलं होतं."

"मग आज आपण खरं लिहीत आहात हे कशावरून?"

"काल खोटं बोलले हे आज कबूल करते आहे ना?"

"तेच मॅडम. आपण खोटं लिहिता हे आपणच कबूल करताय."

मी फोन भिंतीवर मारणार होते. सात वर्षांत चालू तारेला हात लागू दिला नाही, तेवढा सगळा संयम गोळा करून म्हटलं, "केतकीताई, माझ्या मांडीच्या जागी तुमची मांडी आहे असं समजा. काय करायचं ते सांगा."

तिचा आवाज बदलला, माणसाचा झाला. "एक रस्ता आहे. पूरक अर्ज. मालिश करणाऱ्याने स्वतः भरायचा. पट्ट्याच्या डब्याचं झाकण आहे ना, त्यावर त्यांनी हात दाबायचा. कालचा दाब आणि तो हात जुळला की यंत्र ऐकतं. पण ताई, त्यातले प्रश्न... एकही वगळता येत नाही."

पूरक अर्ज क्र. ६: मालिश करणाऱ्या व्यक्तीचे निवेदन

(आप्पांना लिहिता येतं, पण मोबाईलवर नाही. ते बोलले, मी लिहिलं. म्हणाले तसंच लिहिलं आहे.)

नाव: गणपती बाळू तोडकर. वय: एकाहत्तर.

१. आपण किती वर्षे मालिश करता?
बेचाळीस. लिव्ह.

२. प्रशिक्षण कुठे घेतले?
वस्तादांकडं. आन् अंगाकडं. अंगच शिकवतंय.

३. सहभागीच्या मांडीवर मालिश केली का?
केली. पोर कण्हत हुती. गाठ हाताला लागली की हात ऐकत न्हाई माझा. (इथे ते मला म्हणाले, "मला काय ठावं, आत नवं रगत सुटतं ते? तू नुसतं हात लावू नका म्हणलीस. का, ते म्हणली न्हाईस." मी म्हटलं, तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "मी रागात हुतो. ऐकलं नसंल.")

४. झाकणावर हात ठेवा. काल जसा दाब दिला तसाच द्या.
(दिला. पडद्यावर माझी मांडी आली आणि तिच्यावर आप्पांच्या बोटांचे लाल ठसे उमटले, एकेक. अंगठा जिथे होता तिथे मधोमध काळा डाग. यंत्र म्हणालं, *जुळले. ९७ टक्के.* आप्पा पडद्याकडे बघत राहिले. "ह्यो माझा अंगठा?" "हो." "आन् ते काळं?" "ती तुम्ही फोडलेली गाठ. आता तिथे नवं रक्त असणार. तिथेच हाड धरायचा धोका असतो.")

५. यापूर्वी, मार लागल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, इतर कुणाला मालिश केली आहे का?
(आप्पा: "सगळ्यास्नी. त्याच वक्ताला येत्यात माणसं. दुखायचं थांबल्यावर कोण येतंय?" मी लिहिलं: हो.)

६. त्यांपैकी कुणाचा सांधा कायमचा आखडला का? असल्यास कोण, कोणता सांधा?

मी हा प्रश्न मोठ्याने वाचला नाही. खाली सरकायचा प्रयत्न केला. लाल चौकट आली: *हा प्रश्न वगळता येणार नाही.* 'नाही' टाइप केलं. *सहभागीने नव्हे, निवेदकाने उत्तर द्यावे.* उत्तर आप्पांच्या आवाजात ऐकू आल्याशिवाय घेत नाही म्हणे. एवढं ओळखतं, तेल ओळखत नाही.

"काय इचारतंय?" आप्पा म्हणाले.

"काही नाही. नेहमीचंच."

"वाच."

वाचला.

त्यांनी झाकणावरचा हात उचलला आणि दुसऱ्या हाताने आपलाच कोपर चाचपला. डावा. दोन बोटं, डोळे मिटलेले, तपासतात तसं. मग पडद्यावरचा अंगठा बघितला. मग पुन्हा कोपर.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. प्लास्टर घट्ट होतं, असं. इतकी वर्षं पाठ आहे ते सगळ्यांना.

"दीपक तोंडात टावेल धरायचा," आप्पा म्हणाले. "मला वाटायचं, गाठ लई चिवट हाय. रोज वाढती. म्हणून मी रोज जास्त..."

यंत्राचा दिवा लुकलुकत होता.

"लिव्ह," ते म्हणाले. "दीपक गणपती तोडकर. डावा कोपर."

लिहिलं.

"त्याला ठावं हाय?"

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आप्पांनी मान हलवली. जोडता येतं त्यांना.

७. निवेदकाला आणखी काही सांगायचे आहे का?
त्या मिरजेच्या डाक्टरचं नाव ह्यात लिवता येतंय का बघ. त्येची चूक नव्हती असं लिव्ह.

*निवेदन स्वीकारले. सहभागीचे घड्याळ १ वर आणले आहे. चाचणीपूर्वी दाखला देता येणार नाही. आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.*

दिवस १ (दुसऱ्यांदा)
प्रश्न ११.

माने साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "अरेरे." मग म्हणाले, "पुढची तुकडी दिवाळीनंतर. निघाली तर. तोवर कंत्राट आहे तसं चालू, पण खांब नाही, बिलं वाटायची. पायी." मी म्हटलं, पायी चालेल, पाय राहिला तर.

मला चाचणीचं वाईट वाटतंय. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही नाही, तसलं काही वाटत असेल तर काढून टाका. सात वर्षं थांबले होते.

प्रश्न ४, आज कुणी स्पर्श केला का: नाही. आप्पा दारात उभे असतात, दोन्ही हात काखेत घालून. लोक येतात, त्यांना म्हणतात, "कवा लागलं? परवा? मग तीन आठवड्यांनी ये." लोक चिडतात. खताच्या दुकानातला माणूस म्हणाला, म्हाताऱ्याला चिनी हवा लागली.

दिवस ४ (दुसऱ्यांदा)
प्रश्न ११.

दीपक आला होता. आप्पा आणि तो गोठ्याच्या बाजूला बसले. काय बोलले माहीत नाही. मी खिडकीतून बघितलं तेव्हा आप्पांनी त्याचा कोपर मांडीवर घेतला होता आणि त्यावर हात नुसता ठेवला होता. हलवत नव्हते. दीपक म्हशीकडे बघत होता.

हे कुठल्या प्रश्नात येतं?

*आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.*

दिवस २८ (दुसऱ्यांदा)
प्रश्न ११.

चाचणी परवा होऊन गेली. इथे लिहून ठेवते, बाकी कुठे लिहिणार?

सोनोग्राफी झाली. डागाच्या जागी तांदळाएवढी कठीण जागा आहे. मॅडम म्हणाल्या, वाढत नाहीये. त्या दिवशी दुसऱ्या टप्प्याचा काढा पोटात गेला असता तर आज लिंबाएवढी असती. केतकीचा फोन आला होता, तेलाची नोंद तिने काढून टाकली म्हणे. स्वतःहून.

दिवस ३३ (दुसऱ्यांदा)
प्रश्न ७. डावा पाय एकदा उंच उचलला गेला. गुडघा ११४ अंश. (आजवरचा सर्वाधिक.) कारण निवडा: चालणे / शौचालय / व्यायाम / झोपेतील हालचाल / इतर व्यक्तीच्या कंबरेला लावण्यासाठी.

प्रश्न ११.

शेवटचा पर्याय कधी घातलात? केतकी असणार.

तर ऐका. खांबाच्या पहिल्या पावलाला एकशे दहा अंश लागतात. मी पाच दिवस एकशे चारवर अडकले होते. रोज दोरी बांधून ओढत होते, पुढे जात नव्हते.

आप्पा आता हातांना काम नाही म्हणून घरातलं सगळं उचलतात. सकाळी पाण्याचा पिंप उचलला आणि तसेच अर्धवट वाकलेले राहिले. उसण. सोनाक्का म्हणाली, "घरातच हाय की औषध." आप्पा म्हणाले, "लेकीचा पाय लावून घेऊ व्हय?" आजवर सगळ्या गावाला पाय लागला, त्यांनी कधी लावून घेतला नाही. दुपारपर्यंत तसेच भिंतीला धरून बसले. मग माझ्याकडे पाठ केली आणि सदरा वर केला.

मी उजव्या पायावर उभी राहिले, खाटेची दांडी धरली. डावा पाय उचलला. गुडघा वळत गेला, एकशे चार, ठणकला, तरी वळत गेला. टाच त्यांच्या कंबरेला टेकली. बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची अंगं चोळून त्यांचं स्वतःचं अंग किती कडक झालंय, ते पहिल्यांदाच कळलं.

उसण गेली का? माहीत नाही. पर्याय शेवटचा निवडते आहे.

"जोरात लाव की," आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आन् नुसता लाव. चोळू नको."